घुबडाची रोजकीर्द

दिवेलागणीच्या सुमारास जालना जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांत चिंचेच्या झाडावरून पिंगळ्याची किरकिर ऐकूं आली, कीं ओट्यावर खेळणारें मूल आईच्या पदराशीं जातें. गढीच्या पडक्या बुरुजांतून पांढऱ्या अंगाचें घुबड पंखांचा आवाज न करतां निघून गेलें, तर मोठीं माणसेंहि क्षणभर बोलणें थांबवितात. घुबड घरावर बसलें तर घर ओस पडतें, असें कोणी सांगतो. त्याला दगड मारूं नये, मारल्यास तें तो दगड उचलून नेतें व झिजवीत बसतें, आणि दगड झिजेल तसतसा मारणाराहि झिजत जातो, अशी दुसरी समजूत आहे. या दुसऱ्या समजुतीनें निदान पांखराच्या जिवाला थोडें अभय मिळतें. पहिलीमुळें मात्र ढोलींत धूर केला जातो, भिंतींतील भोंक बुजविलें जातें आणि पिलें खालीं पाडलीं जातात.

पहाटे कंदील घेऊन दारोदार फिरणारा पिंगळा याच पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगतो, असें गांवोगांवीं मानतात. घुबडाच्या बोलीवरून उद्यांचें सांगणारे असे पुष्कळ आहेत. परंतु काल रात्रीं त्यानें काय केलें, हें विचारणारे फार थोडे. वास्तविक त्याचा लेखी जबाब घुबड रोज झाडाखालीं टाकून जातें. तो वाचण्यास पंचांग लागत नाहीं. आठ-दहा वर्षांचें मूल, एक कागद आणि खराट्याच्या दोन काड्या एवढें साहित्य पुरतें.

ज्या झाडावर किंवा ज्या तुळईवर घुबड दिवसा बसतें, तिच्या बरोबर खालीं पाहिल्यास काळसर-करड्या रंगाच्या लांबट गोळ्या पडलेल्या दिसतात. गव्हाणी घुबडाची गोळी दीड-दोन इंच लांब आणि माणसाच्या अंगठ्याएवढी जाड असते. ताजी असतांना ती ओलसर व चकचकीत दिसते. वाळली म्हणजे हलकी आणि केसाळ होते. पुष्कळ लोक तिला विष्ठा समजतात, पण ती विष्ठा नव्हे. घुबडाची विष्ठा चुन्याच्या शिंतोड्यांसारखी पांढरी असते. ही गोळी पोटाच्या दुसऱ्या टोकाला न जातां तोंडावाटे बाहेर येते. इंग्रजींत तिला पेलेट म्हणतात.

तिची घडण अशी होते. घुबडाला दांत नाहींत. लहान शिकार तें चावीत नाहीं, सबंध गिळतें. पोटाच्या पहिल्या भागांत पाचक रस मिसळतात. पुढच्या भागांत, म्हणजे स्नायूंच्या पिशवींत, मांसाचा रस होऊन तो पुढें जातो. केंस, हाडें, दांत, नखें आणि किड्यांचीं कवचें मात्र पचत नाहींत. तीं त्या पिशवींत दाबलीं जाऊन एकत्र होतात. केंसांचें वेष्टण बाहेर आणि टोंकदार हाडें आंत, अशी त्यांची मोट बांधली जाते, आणि कांहीं तासांनीं घुबड मान पुढें ताणून ती बाहेर टाकतें. दिवसाकाठीं अशी एक किंवा दोन गोळ्या पडतात. ससाण्यासारखे दिवसा शिकार करणारे पक्षीहि गोळ्या टाकतात. परंतु ते मांस फाडून खातात आणि त्यांचा पाचक रस अधिक तीव्र असतो, म्हणून त्यांच्या गोळ्यांत हाडें फारशीं उरत नाहींत. घुबडाच्या गोळींत कवटीहि पुष्कळदां अखंड राहते. व्यापाऱ्यानें रोजकीर्दींत दिवसाचा व्यवहार लिहावा, तसा घुबडाचा रात्रीचा व्यवहार या गोळींत नोंदलेला असतो. फरक इतकाच, कीं या रोजकीर्दींत खोटी कलम घालण्याची सोय नाहीं.

जालना जिल्हा ता. १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झाला. उत्तरेकडे पूर्णा, मधून दुधना व कुंडलिका, आणि दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी अशा नद्यांच्या कांठीं त्याची शेती पसरली आहे. कापूस, सोयाबीन, मका, तूर, ज्वारी, हरभरा हीं पिकें, मोसंबीचे बाग आणि बियाण्यांचा मोठा व्यापार यांवर तो उभा आहे. जेथें दाणा तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें घुबड. जुने वाडे, गढ्या, ओसाड गोदामें आणि विहिरींचे कोनाडे येथें गव्हाणी घुबड राहतें. त्याच्या तोंडाचा आकार बदामासारखा असतो. वड, चिंच, लिंब यांच्या ढोलींत ठिपक्यांचा लहान पिंगळा जोडीनें असतो. ओढ्यांच्या उभ्या दरडींत आणि दगडाच्या जुन्या खाणींत शिंगांसारखे पिसांचे झुबके असलेलें मोठें शृंगी घुबड आढळतें. तिघांच्या नोंदवह्या निरनिराळ्या. पिंगळ्याची गोळी लहान व ठिसूळ असते, आणि तिच्यांत भुंग्यांचीं चकाकणारीं कवचें व टोळांचे पाय फार. गव्हाणी घुबडाच्या गोळींत मुख्यत्वें उंदीर व चिचुंद्र्या. शृंगी घुबडाच्या गोळींत त्याहून मोठ्या शिकारीचींहि हाडें मिळतात.

प्राथमिक शाळेंतील मुलांकडून हें वाचन करवून घ्यावयाचें, तर शिक्षकानें कांहीं पथ्यें कडक पाळलीं पाहिजेत. गोळ्या गोळा करण्याचें काम मुलांवर सोंपवूं नये. तें शिक्षकानें स्वतः हातमोजे घालून करावें. जमिनीवर पडलेल्या तेवढ्याच गोळ्या उचलाव्या. ढोलींत हात घालूं नये, शिडी लावूं नये, आणि पिलें असतील तेथें तर फिरकूंहि नये. कारण त्रास झाल्यास पक्षी घरटें सोडतो. प्रत्येक पुडीवर तारीख, गांव व जागा लिहावी. त्यानंतर गोळ्या फडक्यांत सैल बांधून शिट्टीच्या कुकरमध्यें अर्धा तास वाफवाव्या आणि उन्हांत पुन्हा कोरड्या कराव्या. हा कुकर पुढें स्वयंपाकाला वापरूं नये. ही खबरदारी अनाठायीं नाहीं. अमेरिकेंतील कांहीं प्राथमिक शाळांत घुबडांच्या गोळ्या हाताळल्यामुळें मुलांना साल्मोनेला नांवाच्या जंतूंची बाधा होऊन जुलाब व ताप यांची सांथ आलेली आहे. म्हणून काम चालूं असतांना कांहीं खाऊं नये, बोट तोंडांत घालूं नये, जेवणाच्या डब्याजवळ हें काम करूं नये, आणि शेवटीं साबणानें हात धुतल्यावांचून कोणालाहि वर्गाबाहेर जाऊं देऊं नये. ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे, त्यानें केसांच्या धुरळ्यापासून दूर बसून वहींत नोंदी कराव्या.

आतां एका शाळेची कल्पना करावी. दुधनाकांठचें गांव, तिसरी-चौथीचा वर्ग, हिंवाळ्याची सकाळ. चार चार मुलांमध्यें एक पांढरा कागद आणि त्यावर एक गोळी. पहिलीं पांच मिनिटें नाकें मुरडण्यांत जातात. मग कोणी धीट मुलगी काडीनें केसांचा एक पदर सोडविते, आणि आंतून सुईसारखें हाड बाहेर येतें. त्यानंतर वर्ग शांत होतो. बरगड्या, मणके, मांडीचें हाड, खांद्याचें पातळ पान अशीं एकेक हाडें कागदावर मांडलीं जातात. एक मुलगा आपल्या दंडाशीं हाड धरून पाहतो व म्हणतो, “गुरुजी, याला पण आपल्यासारखाच खांदा आहे.” हें वाक्य पुस्तकांतील धड्यानें त्याच्याकडून वदवितां आलें नसतें.

पुढची पायरी ओळखण्याची. त्यासाठीं दांत पाहावे. पुढें वांकलेले पिवळसर-नारिंगी दांत, त्यांच्यामागें मोकळी जागा आणि मग दाढा, असा जबडा असेल तर तो उंदराचा. ती मोकळी जागा नसून सारे दांत टोंकदार व पांढरे असतील, आणि कवटीला गालाच्या हाडाची कमान नसेल, तर ती चिचुंद्री. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती उंदरांच्या कुळांतली नव्हे. तिचें मुख्य खाणें किडे. चोंच सांपडली तर पक्षी. काडीसारखीं लांबलचक बोटांचीं हाडें निघालीं तर वटवाघूळ. अशा रीतीनें दांतावरून कूळ सांगतां येतें, हें कळल्यावर मुलांना भूत-पिशाचांच्या गोष्टींपेक्षां हा तपास अधिक गोड वाटूं लागतो.

मग गणित. हाडें मोजून प्राणी मोजतां येत नाहींत. एका उंदराच्या अंगांतच दोनशेंच्या वर हाडें असतात. म्हणून खालचे जबडे वेगळे काढावे, डावे एका बाजूस व उजवे दुसऱ्या बाजूस. दहा गोळ्यांतून डावे जबडे नऊ निघाले व उजवे अकरा निघाले, तर प्राणी किती? कोणी वीस म्हणेल, कोणी दहा. विचार केल्यावर उत्तर निघतें, कीं कमींतकमी अकरा. या “कमींतकमी” शब्दाची किंमत मोठी आहे. जेवढा पुरावा हातांत आहे तेवढेंच बोलावें, त्याच्यापलीकडे एक अक्षरहि बोलूं नये, ही शिस्त त्या शब्दांत आहे. दहाव्या वर्षीं ती अंगीं बाणली, तर पुढें न्यायाधीशाच्या आसनापासून ग्रामपंचायतीच्या बांकापर्यंत कोठेंहि ती उपयोगी पडते.

खरी परीक्षा मात्र संध्याकाळीं घरीं होते. मुलगी पुठ्ठ्यावर चिकटविलेला जबडा घेऊन घरांत शिरते, आणि घुबडाचें नांव निघतांच आजी म्हणते, “अगं बाई, तें अवलक्षण घरांत कशाला आणलंस? फेक बाहेर आणि आधीं आंघोळ कर.” अशा वेळीं आजीला अडाणी म्हणणें हा उद्धटपणा झाला, आणि तो व्यर्थहि आहे. मुलीनें एवढेंच विचारावें, “आजी, आपल्या ज्वारीचं पोतं कुणी कुरतडलं होतं गं?” आजीला तें चांगलें ठाऊक असतें. उंदरानें पोत्याला पाडलेलें भोंक तिनेंच शिवलेलें असतें. मग तो नारिंगी दांत तिच्यापुढें धरावा आणि सांगावें, कीं हा त्या पडक्या वाड्यांतल्या घुबडाच्या पोटांतून निघाला. आजी लगेच मत बदलील असें नाहीं. साठ वर्षांची समजूत एका दांतानें निघत नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं गल्लींतलीं पोरें धूर करण्यासाठीं गोवऱ्या मागावयास आलीं, तर त्या गोवऱ्या द्याव्या कीं न द्याव्या याचा ती एकदां विचार करील. आणि तेवढ्या विचारांत चार पिलांचा जीव वांचूं शकतो.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. घुबडाची बाजू घेण्याच्या भरांत त्याला देव बनवूं नये. घुबडांची एक जोडी गांवांतले सारे उंदीर संपवील, असें मुलांना सांगणें हें घर ओस पडण्याच्या गोष्टीइतकेंच खोटें होईल. घुशीच्या जातीचा शेतांतला काळसर उंदीर बिळांत धान्य सांठवितो. त्याच्या मादीला तीन-सव्वातीन आठवड्यांत पिलें होतात आणि एका वेतांत तीं पांच-सात असतात. अशा शत्रूला एकटें पांखरूं पुरें पडत नाहीं. १८७८-७९ च्या सुगींत तर उंदरांनीं दख्खनमधील पिकांचा मोठा नाश केल्याची नोंद आहे. घुबडें तेव्हांहि होतीं. परंतु तें रोज रात्रीं विनावेतन रखवालदारी करतें, इतकें गोळींतून सिद्ध होतें, आणि तेवढें पुरेसें आहे. ज्या गोळींत उंदीर निघाला नाहीं, नुसते भुंगे किंवा चिमणीची चोंच निघाली, तीहि वहींत तशीच नोंदली पाहिजे. आपल्याला हवें तें लिहावें आणि नको तें गाळावें, अशी वही ठेवण्यापेक्षां वही न ठेवलेली बरी.

खोटी नोंद किती दूरवर घात करते, याचें उदाहरण घुबडांच्याच इतिहासांत आहे, आणि तें महाराष्ट्राशीं निगडित आहे. रानपिंगळा नांवाचा दुर्मिळ पक्षी १८८४ नंतर कोणाच्या खात्रीलायक दृष्टीस पडला नव्हता. मध्यंतरीं रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या नामांकित इंग्रज पक्षिसंग्राहकाचा एक नमुना मात्र प्रमाण मानला जात होता. तो आपण १९१४ मध्यें गुजरातेंत मिळविला, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. पुढें अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनीं तपास करून दाखविलें, कीं तो नमुना संग्रहालयांतून चोरलेला जुनाच नमुना होता आणि त्यावरची चिठ्ठी बनावट होती. त्या चिठ्ठीवर विश्वासून शोध करणारे भलत्याच जागीं फिरत होते. ती बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारें शोध केल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांत शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. मध्यें ११३ वर्षें गेलीं होतीं. पुडीवर तारीख व जागा खरी लिहा, असें गुरुजी कां बजावतात, हें मुलांना समजावून देण्यास एवढी एक हकीकत पुरे.

गोळ्यांच्या अभ्यासाचें कामहि महाराष्ट्रांत थोरामोठ्यांनीं केलेलें आहे. पुण्याचे डॉ. सतीश पांडे व त्यांचे सहकारी यांनीं शृंगी घुबडाच्या आहाराचा अभ्यास करून २०११ मध्यें तो प्रसिद्ध केला. त्यांत शेताला उपद्रव देणाऱ्या उंदीरवर्गाचें महत्त्व दिसून आलें आणि हें घुबड शेतीला उपकारक ठरलें. त्यांच्याच इला फाउंडेशननें नोव्हेंबर २०१८ मध्यें पुरंदर तालुक्यांतील पिंगोरी या खेड्यांत घुबडांचा उत्सव भरविला. त्यांत शाळकरी मुलांनीं काढलेल्या घुबडांच्या चित्रांना मोठें स्थान होतें. परदेशांतहि असे प्रयत्न आहेत. इस्राएलांत १९८३ पासून गव्हाणी घुबडांसाठीं शेतांत लांकडी पेट्या लावण्यास सुरुवात झाली, आणि पुढें जॉर्डनमधील व पॅलेस्टाइनमधील शेतकरीहि त्या कामांत सामील झाले. ज्यांचें माणसांशीं पटत नाहीं, त्यांचें घुबडाच्या बाबतींत तरी पटलें. जालना जिल्ह्यांतील गांवाला एवढेंहि करण्याची गरज नाहीं. जुनें झाड उभें ठेवावें, ढोली बुजवूं नये, तुरींत व हरभऱ्यांत पक्षिथांबे रोंवावे, म्हणजे पक्ष्यांना बसावयास जागा होते.

विषाच्या बाबतींत मात्र बापांनीं मुलांचें ऐकावें. ब्रोमाडिओलोनसारखें विष खाल्लेला उंदीर तत्काळ मरत नाहीं. तो कांहीं दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच घुबडाला प्रथम सांपडतो. असे उंदीर खाऊन रखवालदारच मरतो, आणि उरलेल्या उंदरांना रान मोकळें होतें. विष वापरणें भागच असेल तर पाकिटावरील सूचना पाळावी आणि मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घुबड मारणें, पकडणें व विकणें हा गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास मंत्र-तंत्रासाठीं घुबडें विकत घेणाऱ्यांना हें कोणीतरी मोठ्यानें सांगितलें पाहिजे.

परंतु कायद्याची भीति दाखवून शिकविलेली दया फार दिवस टिकत नाहीं. जें मूल स्वतःच्या हातानें केसांचा पदर सोडवून दांत ओळखतें, त्याला शिपायाची गरज पडत नाहीं. म्हणून शिक्षकांनीं या हिंवाळ्यांत गांवांतलें एक झाड किंवा एक पडकी भिंत हेरून ठेवावी. महिन्यांतून एकदां तिच्या पायथ्याशीं पडलेल्या गोळ्या उचलाव्या, वाफवाव्या, वर्गांत उघडाव्या, आणि एका जाड वहींत चार रकाने आंखावे: तारीख, जागा, गोळ्या किती, आणि काय काय निघालें. वर्ग पुढें सरकेल, मुलें बदलतील. वही तीच राहूं द्यावी. सोयाबीन काढल्यावर उंदीर वाढले कीं घटले, पावसाळ्यांत चिचुंद्र्या अधिक निघाल्या कीं भुंगे, हें पांच वर्षांनीं त्या वहींत कोणालाहि वाचतां येईल. आणि गांवांत एखाद्या घरावर घुबड बसलें म्हणून पुन्हा चर्चा सुरू झाली, तर चौथींतल्या एखाद्या मुलीनें ती वही चावडीवर आणून, पान उघडून, मोठ्यांदा वाचून दाखवावी.